आर्थर ॲश: विम्बल्डन जिंकणाऱ्या खेळाडूला रक्तातून एचआयव्ही झाला, आणि एका फोननंतर तो जगाला सांगावा लागला

तुमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड कधी ना कधी येऊन गेला असेल. एका मोठ्या टेनिसपटूला एड्स होतो. चाहता पत्र लिहून विचारतो की देवाने या आजारासाठी तुम्हालाच का निवडलं. त्यावर तो खेळाडू कळवतो की हातात कप होता तेव्हा मी देवाला हे विचारलं नाही, मग आता दुखणं आल्यावर कशाला विचारू. खाली हात जोडलेले इमोजी आणि शुभ सकाळ.

त्या खेळाडूचं नाव आर्थर ॲश.

फॉरवर्डमधून त्यांचा संयम कळतो, पण त्यांची गोष्ट कळत नाही. त्यांना एचआयव्ही झाला कसा, तो कळायला पाच वर्षं का लागली, त्यांनी तो साडेतीन वर्षं लपवून का ठेवला आणि शेवटी जगासमोर येऊन सांगायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली, हे त्या चार ओळींत मावत नाही. आणि आज आपण रक्त घेताना, टेस्ट करताना किंवा कुणाच्या आजाराबद्दल बोलताना जे नियम पाळतो, ते कशासाठी आहेत हे याच गोष्टीतून समजतं.

मैदानातलं घर

आर्थर ॲश यांचा जन्म १० जुलै १९४३ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरातला. त्या काळी रिचमंडमध्ये गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, बागा वेगळ्या होत्या, बसमधल्या जागासुद्धा वेगळ्या होत्या.

आर्थरचे वडील शहराच्या क्रीडा विभागात नोकरीला होते. काळ्या लोकांसाठी राखलेल्या ब्रुक फील्ड नावाच्या मोठ्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती आणि राहायला घरही मैदानातच मिळालं होतं. घरातून बाहेर पाऊल टाकलं की समोर टेनिसचं कोर्ट. किडकिडीत अंगाचा आर्थर सातव्या वर्षी रॅकेट धरायला शिकला, तो त्यामुळेच.

पण त्याआधी, तो सहा वर्षांचा असताना आई वारली. धाकटा भाऊ जॉनी तर अगदीच लहान होता. वडिलांनी दोन्ही पोरांना कडक शिस्तीत वाढवलं. माणसाचं नाव हीच त्याची कमाई, त्याला डाग लागता कामा नये, ही त्यांची शिकवण. ती आर्थरने आयुष्यभर सोडली नाही.

मैदानावर खेळायला येणाऱ्या रॉन चॅरिटी नावाच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने या पोराचा हात ओळखला. त्याने आर्थरला लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेलं. जॉन्सन पेशाने डॉक्टर, पण काळ्या मुलांना टेनिस शिकवणं हे त्यांचं ध्येय होतं. विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सन त्यांच्याच तालमीत तयार झाली होती.

डॉक्टरांचे नियम ऐकून आज नवल वाटेल. बॉल रेषेच्या दोन इंच बाहेर पडला तरी तो आत धरून खेळायचा. अंपायरशी कधीच वाद घालायचा नाही. कारण साधं होतं: गोऱ्यांच्या स्पर्धेत काळ्या मुलाचा आवाज एकदा जरी चढला, तरी त्याला बाहेर काढायला तेवढं निमित्त पुरेसं होतं. आर्थर ॲश कोर्टवर कायम बर्फासारखे थंड असायचे, त्याचं मूळ इथे आहे.

विजेता, पण बक्षीस दुसऱ्याला

रिचमंडमध्ये काळ्या खेळाडूला पुढे जायला वाव नव्हता. म्हणून शाळेचं शेवटचं वर्ष आर्थरने सेंट लुईस शहरात काढलं आणि तिथून टेनिसच्या स्कॉलरशिपवर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रवेश मिळवला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिस कप संघात निवड झालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. पदवीनंतर ते सैन्यात लेफ्टनंट झाले आणि टेनिसही सुरू राहिलं.

१९६८ मध्ये पहिली यूएस ओपन झाली आणि ती ॲश यांनी जिंकली. पण ते हौशी खेळाडू म्हणून उतरले होते, त्यामुळे १४ हजार डॉलरचं बक्षीस हरलेल्या टॉम ओकर यांना मिळालं. विजेत्याच्या पदरात दिवसाला २० डॉलर भत्ता तेवढा पडला.

१९७० मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. १९७५ च्या विम्बल्डन फायनलमध्ये समोर होते जिमी कॉनर्स, जगात पहिल्या नंबरचे आणि आदल्या वर्षीचे विजेते. ॲश ३२ वर्षांचे होत आले होते. ते जिंकतील असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. त्यांनी ताकदीला ताकदीने उत्तर द्यायचं टाळलं, हळू आणि खाली राहणारे बॉल टाकून कॉनर्स यांची लय मोडली आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा सामना जिंकला. विम्बल्डनमध्ये पुरुष एकेरी जिंकणारे ते आजवरचे एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू आहेत.

कोर्टबाहेरही त्यांची लढाई चालू होती. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने त्यांना वारंवार व्हिसा नाकारला. अखेर १९७३ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा ते तिथे जाऊन खेळले आणि दुहेरीचं विजेतेपद घेऊन आले. पुढे १९८५ मध्ये वॉशिंग्टनला दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शनं करताना त्यांना अटकही झाली.

१९७७ मध्ये त्यांचं फोटोग्राफर जीन मुतुसामी यांच्याशी लग्न झालं. आडनाव ओळखीचं वाटतं ना? जीन यांच्या वडिलांचं घराणं कॅरिबियनमधल्या ग्वादलुप बेटावरचं, मूळ भारतीय वंशाचं. आपल्याकडच्या मुत्तुसामीचंच ते तिकडचं रूप.

हृदयाने दगा दिला

३१ जुलै १९७९. न्यूयॉर्कमध्ये टेनिस शिकवून झाल्यावर ॲश यांना हार्ट अटॅक आला. वय फक्त ३६, अंगावर चरबी नाही, रोजचा व्यायाम. पण हृदयविकार घरात होता, आई आणि वडील दोघांकडूनही. डिसेंबरमध्ये बायपास झाली, चार ठिकाणी. पुढच्या वर्षी त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली आणि नंतर डेव्हिस कप संघाचे कॅप्टन झाले. त्यांच्या कॅप्टनशिपखाली अमेरिकेने १९८१ आणि १९८२ असा सलग दोनदा कप जिंकला.

जून १९८३ मध्ये पुन्हा बायपास करावी लागली. ऑपरेशन नीट झालं, पण अशक्तपणा जाईना. तेव्हा अंगात ताकद यावी म्हणून त्यांना रक्त चढवण्यात आलं. रक्त चढल्यावर बरं वाटलं आणि ते घरी गेले.

त्या रक्तात एचआयव्ही होता.

रक्त तपासलं कसं नाही?

आज हा प्रश्न कोणीही विचारेल. उत्तर असं आहे की तेव्हा तपासायला टेस्टच नव्हती.

तारखा नीट लावून बघू. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली. एड्सची ही पहिली अधिकृत नोंद. १९८२ मध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांमध्येही हाच आजार दिसला. या रुग्णांना रक्त गोठण्यासाठी अनेक दात्यांच्या रक्तापासून केलेलं औषध सतत घ्यावं लागतं. त्याच वर्षाच्या शेवटी, रक्त चढवलेल्या एका बाळाची केस समोर आली. आजार रक्तातून पसरतोय, याचे इशारे मिळत होते.

जानेवारी १९८३ मध्ये सीडीसीने अटलांटा इथे रक्तपेढ्यांच्या प्रतिनिधींना बोलावून धोका समजावून सांगितला. पण पुरावा पुरेसा नाही, दाते कमी होतील, खर्च वाढेल, असे मुद्दे निघाले आणि ठोस काही ठरलं नाही. मार्चमध्ये सरकारने एवढंच सांगितलं की जास्त धोका असलेल्यांनी रक्तदान टाळावं. मे १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने नव्या विषाणूचा शोध जाहीर केला.

ॲश यांना रक्त चढलं ते त्यानंतरच्याच महिन्यात.

रक्तात एचआयव्ही शोधणाऱ्या पहिल्या एलायझा टेस्टला अमेरिकेत मंजुरी मिळाली २ मार्च १९८५ ला. मधल्या काळात हजारो लोकांना ऑपरेशन, बाळंतपण किंवा अपघातानंतर असं रक्त मिळालं. संसर्ग झालेल्या माणसाचं रक्त चढवलं तर एचआयव्ही होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त असते. लागण होण्याच्या सगळ्या मार्गांमध्ये हा सर्वात धोक्याचा. म्हणूनच आज रक्ताची प्रत्येक पिशवी तपासल्याशिवाय देता येत नाही.

बोटं हलेनात, तेव्हा कळलं

एचआयव्ही शरीरात शिरल्यावर लगेच आजारी पाडत नाही. सुरुवातीला फार तर तापासारखं काही होतं आणि जातं. मग कित्येक वर्षं माणूस ठणठणीत दिसतो. पण आत विषाणू सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी संपवत असतो. या पेशी म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा कणा. त्या फार कमी झाल्या की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जीवघेणे होतात. या टप्प्याला एड्स म्हणतात.

ॲश यांची पाच वर्षं अशीच गेली. या काळात त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा तीन खंडांचा इतिहास लिहून पूर्ण केला. डिसेंबर १९८६ मध्ये जन्मलेली एक मुलगी त्यांनी आणि जीन यांनी दत्तक घेतली. आई फोटोग्राफर, म्हणून लेकीचं नाव ठेवलं कॅमेरा.

सप्टेंबर १९८८ मध्ये एक दिवस ॲश यांच्या उजव्या हाताची बोटं हलेनाशी झाली. ज्या हाताने विम्बल्डन जिंकलं, त्या हाताने फोनचं बटण दाबता येईना. स्कॅनमध्ये मेंदूत काहीतरी दिसलं. रक्ताची टेस्ट झाली, ती एचआयव्ही पॉझिटिव्ह आली. मेंदूचं ऑपरेशन करून काढलेला तुकडा तपासला, तेव्हा निदान झालं टोक्सोप्लाझ्मोसिस. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून किंवा कच्च्या मांसातून अनेकांच्या शरीरात जातो आणि धडधाकट माणसात गप्प पडून राहतो. प्रतिकारशक्ती कोसळली की तो मेंदूवर हल्ला करतो. म्हणजे ॲश यांना नुसती लागण नव्हती, आजार एड्सपर्यंत पोचला होता.

पहिली काळजी स्वतःची नव्हती. जीन आणि कॅमेरा यांची टेस्ट झाली. दोघीही निगेटिव्ह.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. एका घरात राहिल्याने, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच संडास वापरल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, सुया आणि सिरिंज वाटून वापरल्याने आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना जाऊ शकतो. शरीरसंबंधातून प्रत्येक वेळी लागण होतेच असं नाही. पण ती होणार नाही याची खात्रीही कोणी देऊ शकत नाही. त्यामुळे शंका असेल तर जोडीदाराची टेस्ट करणं, हा एकच मार्ग.

साडेतीन वर्षांचं गुपित

ॲश यांनी हे कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. डॉक्टर, घरचे आणि मोजके जवळचे मित्र यांना ठाऊक होतं आणि त्या सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं.

लपवायचं कारण काय, त्यांचा तर काही दोष नव्हता, असं वाटू शकतं. तो काळ आठवायला हवा. रायन व्हाइट या इंडियाना राज्यातल्या शाळकरी मुलाला हिमोफिलियाच्या औषधातून एचआयव्ही झाला, तर १९८५ मध्ये शाळेने त्याला वर्गात घ्यायला नकार दिला. १९८७ मध्ये फ्लोरिडात अशाच तीन भावंडांना शाळेत पाठवण्यावरून गदारोळ झाला आणि त्यांचं घर आगीत खाक झालं. त्याच वर्षी अमेरिकेने एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला देशात यायला बंदी घातली. ती उठायला २०१० उजाडलं.

आपल्याकडेही चित्र वेगळं नव्हतं. १९८६ मध्ये भारतात पहिल्यांदा एचआयव्ही सापडला तो चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना. सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं आणि त्यातून त्यांना एचआयव्ही असल्याचं कळलं. पोलीस त्यांना घेऊन गेले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवण्यात आलं. गुन्हा काहीच नव्हता. त्यांच्या आईने कोर्टात धाव घेतली. डिसोझा यांनी पुढे एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी काम उभं केलं आणि मे १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्या दिवसांत रिपोर्ट उघड होणं म्हणजे काय, हे यावरून कळावं. ॲश यांना सगळ्यात जास्त भीती लेकीची होती. बालवाडीत जाणाऱ्या कॅमेराला कोणी काही बोललं तर तिला ते कळणारही नव्हतं.

एक फोन, एक पत्रकार परिषद

नोव्हेंबर १९९१ मध्ये बास्केटबॉलचा स्टार मॅजिक जॉन्सन याने स्वतःहून जाहीर केलं की आपल्याला एचआयव्ही आहे. मीडियात खळबळ उडाली. आता आणखी कोण, याचा शोध सुरू झाला.

७ एप्रिल १९९२ ला यूएसए टुडे या दैनिकाचे टेनिस पत्रकार डग स्मिथ ॲश यांच्या घरी आले. ॲश त्यांना जुने ओळखत होते. पेपरला टीप मिळाली होती, ती खरी का, हे त्यांना विचारायचं होतं. ॲश यांनी वरिष्ठ संपादकांशी फोनवर बोलायची इच्छा दाखवली. संपादकांनी थेट प्रश्न केला. ॲश यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. थोडा वेळ मागितला. पक्की खात्री झाल्याशिवाय बातमी छापणार नाही असं पेपरचं म्हणणं होतं, पण शोध थांबवायलाही पेपर तयार नव्हता.

वडिलांनी शिकवलं होतं की खोटं बोलायचं नाही. आणि खरं सांगितलं की बातमी होणार होती. दुसऱ्याने आपली गोष्ट सांगण्यापेक्षा आपणच सांगावी, असं ॲश यांनी ठरवलं. रात्रभर मित्रांना फोन झाले. ८ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद झाली. लेकीचा उल्लेख आला तिथे त्यांचा आवाज बंद झाला. पुढचा मजकूर जीन यांनी वाचला.

मग वाद पेटला. ॲश निवृत्त खेळाडू होते. ते कुठलं सरकारी पद सांभाळत नव्हते, निवडणूक लढवत नव्हते. त्यांच्या रिपोर्टवर लोकांचा हक्क कसा? दुसरी बाजू सांगत होती की प्रसिद्ध माणसाला गंभीर आजार झाला तर ती बातमीच, मग तो कॅन्सर असो की एड्स. पेपरकडे शेकडो वाचकांनी पत्रं लिहून आणि फोन करून मत कळवलं आणि बहुतेकांना पेपरची ही वागणूक पटली नव्हती. आजही जगभर पत्रकारितेच्या वर्गात हे उदाहरण शिकवलं जातं.

उरलेले दहा महिने

गुपित फुटल्यावर ॲश घरात बसून राहिले नाहीत. त्यांनी एड्सविरुद्धच्या कामासाठी फाउंडेशन काढलं आणि पन्नास लाख डॉलर जमवायचं ठरवलं. टेनिसमधले मोठमोठे खेळाडू मदतीला आले. शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, मिळेल तिथे जाऊन त्यांनी लोकांशी या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली.

रक्तातून आजार झालेला माणूस निर्दोष आणि इतर मार्गांनी झालेला माणूस दोषी, अशी विभागणी तेव्हा सर्रास व्हायची. आजही होते. ॲश यांनी स्वतःला त्या निर्दोषांच्या रांगेत वेगळं उभं करणं टाळलं. आजारी माणसाला उपचार हवे असतात, चारित्र्याचा दाखला नको, हे त्यांच्या कामातून दिसत राहिलं.

सप्टेंबर १९९२ मध्ये हैतीच्या निर्वासितांना परत पाठवण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध त्यांनी व्हाइट हाउससमोर निदर्शनं केली आणि पुन्हा अटक झाली. त्यानंतर लगेच त्यांना पुन्हा हार्ट अटॅक आला. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, त्यांनी संयुक्त राष्ट्रांत भाषण करून संशोधनाला जास्त पैसा द्या अशी मागणी केली. सोबत आत्मचरित्राचं लेखन चालूच होतं. त्याचं शेवटचं प्रकरण म्हणजे सहा वर्षांच्या कॅमेराला लिहिलेलं पत्र.

६ फेब्रुवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. वय ४९. एड्सच्या पहिल्या पाच रुग्णांमध्ये जो न्यूमोनिया दिसला होता, त्याच प्रकारचा हा होता. पार्थिव रिचमंडला नेलं. ज्या शहरात लहानपणी त्यांना गोऱ्यांच्या कोर्टवर पाय ठेवता येत नव्हता, तिथे गव्हर्नरच्या निवासात अंत्यदर्शनाला हजारोंची रांग लागली. आईच्या शेजारी त्यांना दफन केलं.

फक्त तीन वर्षं

ॲश यांनी घेतलेलं एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध. त्याला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. १९९१ मध्ये डीडीआय आलं. पण एकेकटं औषध दिलं की विषाणू स्वतःत बदल करून त्याला चकवायचा. काही काळाने औषध निकामी व्हायचं आणि साइड इफेक्ट तेवढे उरायचे.

१९९६ मध्ये तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली आणि सगळं बदललं. एकाच वेळी तीन औषधांना चकवणं विषाणूला फार कठीण जातं. मरणाच्या दारातले रुग्ण उठून कामाला लागले. मॅजिक जॉन्सन आजही आपल्यात आहे, तो या औषधांमुळे. ॲश यांना आणखी तीन-साडेतीन वर्षं मिळाली असती, तर कदाचित त्यांची गोष्टही वेगळी झाली असती.

आज भारतात काय आहे?

रक्त चढवायचं असेल तर ते परवानाधारक रक्तपेढीतूनच घ्यायचं. तिथे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. तरीही एक मर्यादा उरते, ती म्हणजे विंडो पिरियड. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून रक्तदानाआधीचा फॉर्म खरा भरणं ही दात्याची जबाबदारी आहे, आणि फक्त टेस्ट फुकट होते म्हणून रक्तदानाला जाणं चूक आहे.

टेस्ट करायची असेल तर सरकारी हॉस्पिटलमधलं आयसीटीसी केंद्र आहे. तिथे ती मोफत होते. टेस्टच्या आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, रिपोर्टचा अर्थ समजावतो, जोडीदाराशी कसं बोलायचं ते सांगतो. धोका नुकताच घडला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करायला सांगितलं जातं. सुई टोचली, अत्याचार झाला किंवा असा काही ताजा प्रसंग असेल तर ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधं असतात. इथे जितक्या लवकर, तितकं चांगलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एआरटी केंद्रात औषधं मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी४ किती हे न बघता लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. ॲश यांच्यासारखं बोटं थांबेपर्यंत वाट बघायची गरज नाही. रोजची गोळी न चुकवता घेतली की बहुतेकांच्या रक्तातला विषाणू टेस्टमध्ये न दिसण्याइतका कमी होतो, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत औषधं घेतली तर बाळाला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर मोफत आहे.

आणि ॲश यांना जे मिळालं नाही, तेही आता कायद्यात लिहिलेलं आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमची टेस्ट करता येत नाही, आणि तुमची संमती किंवा कोर्टाचा आदेश नसेल तर रिपोर्ट उघड करायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. मोजके अपवाद कायद्यातच दिले आहेत. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं, शाळेत न घेणं, घर नाकारणं हेही बेकायदेशीर आहे.

कायदा कागदावर आहे, पण टेस्ट सेंटरच्या बाहेर ओळखीचं कोणी भेटेल या भीतीने परत फिरणारे लोक आजही आहेत. त्यांची भीती घालवणं औषधाच्या हातात नाही. ते शेजाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या, ऑफिसमधल्या सहकाऱ्यांच्या हातात आहे. कोणाचा रिपोर्ट कानावर आला, तर तो पुढे न सांगणं एवढं तर प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.